फुकटचे जेवण आणि वेळेवरची विद्यावृत्ती

१ लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये त्याचे अनावरण झाले आणि 'भारतात गूगल का घडत नाही?' हा जुना प्रश्न पुन्हा नव्या उत्साहाने विचारला जाऊ लागला. त्याचे एक लाडके उत्तर ठरलेलेच आहे: तिथली कार्यसंस्कृती पाहा! मोफत भोजन, रंगीबेरंगी आसने, व्यायामशाळा, दुपारच्या डुलकीची सोय. माणसे सुखात ठेवा, कल्पना आपोआप सुचतील.

हे उत्तर चुकीचे आहे आणि त्याची किंमत आपले विद्यार्थी मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो की कारण हे परिणामाच्या आधी घडावे लागते. ही साधी कसोटी गूगललाच लावून पाहू. ज्या पेजरँक पद्धतीवर ही कंपनी उभी राहिली, ती १९९६ ते १९९८ या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन पीएचडी विद्यार्थ्यांच्या हातून घडली. ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पाच्या छायेत ते काम झाले, त्याला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे करदात्यांचा पैसा होता. सर्गेई ब्रिन यांना त्याच संस्थेची विद्यावृत्तीही मिळत होती. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी स्थापन झाली, तीही मेन्लो पार्कमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये. जून १९९९ मध्ये गुंतवणूकदारांचे २.५ कोटी डॉलर आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने पहिला आचारी नेमला.

क्रम नीट लक्षात घ्या. आधी विद्यावृत्ती, मग शोध, मग भांडवल आणि सर्वांत शेवटी जेवण. आपण मात्र ताटापासून सुरुवात करू पाहतो. फळाला बी समजून पेरण्याचा हा प्रकार आहे.

'सोयीसुविधांचा काहीच उपयोग नसतो का?' असा आक्षेप येईल. असतो, पण तो कशामुळे, हे पाहायला हवे. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झ यांनी उपाहारगृहाला फार महत्त्व दिले होते. त्याची व्यवस्था त्यांच्या पत्नी गिझेला पाहत असत. त्या प्रयोगशाळेने नोबेल विजेत्यांची रांग लावली. मात्र ती किमया पदार्थांची नव्हती. त्या टेबलावर विद्यार्थी ज्येष्ठ शास्त्रज्ञाशेजारी बसून 'तुमचे गणित चुकले आहे' असे म्हणू शकत होता, हे खरे कारण होते. आपल्या किती संस्थांत 'सरां'च्या टेबलावर विद्यार्थी न विचारता बसतो? आणि बसलाच, तर 'सर, हे पटत नाही' म्हणून उठल्यावर त्याच्या शिफारसपत्राचे काय होते?

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणारा ट्रान्सफॉर्मरवरील २०१७ चा शोधनिबंध घ्या. गूगलमध्ये लिहिल्या गेलेल्या त्या निबंधाचे आठ लेखक आहेत. आशिष वासवानी आणि निकी परमार या दोघांनी अभियांत्रिकीची पदवी भारतात घेतली. परमार तर पुण्यात शिकल्या. एडन गोमेझ हा त्या वेळी प्रशिक्षणार्थी होता. तरीही पहिल्याच पानावरील तळटीप सांगते की सर्वांचे योगदान समान आहे आणि नावांचा क्रम यादृच्छिक आहे. माझ्या दृष्टीने त्या कार्यालयातली सर्वांत मोठी सुविधा हीच होती. तिच्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही. आपल्याकडे तीच सर्वांत दुर्मीळ आहे.

कथेचा उत्तरार्धही बोलका आहे. २०२३ पर्यंत ते आठही जण गूगल सोडून गेले. एक पुढे परतला. मोफत जेवण त्यांना बांधून ठेवू शकले नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांना निरोप दिला. सोयी सैल हाताने देता येतात, कारण त्या तितक्याच सहज काढूनही घेता येतात. हक्कांचे तसे नसते.

दुसऱ्या टोकाला आपले उद्योगपती उभे आहेत. २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा उपदेश झाला, २०२५ मध्ये तो ९० तासांवर गेला. वरकरणी ही दोन टोके परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोन्ही एकच गोष्ट मोजतात: माणूस खुर्चीत किती वेळ बसला. एक धाकाने बसवतो, दुसरा रात्रीचे जेवण देऊन. कोणता प्रश्न सोडवायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र दोघेही देत नाहीत.

आता थोडे स्वतःविषयी. मी ज्या संस्थेत पीएचडी केली, तिचे नाव येथे अनावश्यक आहे. ही कथा अनेकांची आहे. तिसऱ्या वर्षी माझी विद्यावृत्ती सलग पाच महिने आली नाही. मी संध्याकाळी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागलो. माझा प्रयोग अतिशीत तापमानावरचा. एकदा नमुना थंड केला की रात्रभर यंत्रापाशी थांबावे लागे. शिकवणीहून परतायला रात्रीचे नऊ वाजत. दोनदा मोजमाप अर्ध्यावर सोडावे लागले. एका छोट्या झडपेची खरेदी-फाईल सात टेबलांवरून फिरत होती, ती वेगळीच. त्याच वर्षी संस्थेत 'नवोन्मेष कक्षा'चे थाटात उद्घाटन झाले. पिवळी-निळी आसने आली, भिंतभर फळा आला, फीत कापली गेली. त्या मऊ आसनावर बसून मी मित्राकडे खोलीभाड्यासाठी उसने पैसे मागितले, हे मला आजही आठवते.

सरकारने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ विद्यावृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये केली, हे स्वागतार्हच. परंतु सहा महिन्यांनी मिळणारे ३७ हजार हे त्या सहा महिन्यांपुरते शून्यच असतात. संशोधन आणि विकासावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यात खाजगी क्षेत्राचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे. नवा निधी खाजगी क्षेत्राला अल्प वा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे भांडवल देऊन हे चित्र बदलू पाहतो. हेतू योग्य आहे. पण हा पैसा काचेच्या इमारतींत मुरणार की माणसांच्या निश्चिंत वर्षांत, हा खरा प्रश्न आहे.

निश्चिंत वर्षे म्हणजे काय, ते आपल्याच देशाने एकदा दाखवले आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले आणि अपयश त्यांनी आपल्या शिरावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा बोलण्यासाठी त्यांनी कलामांना पुढे केले. त्या अकरा महिन्यांत कोणाचीही मान कापली गेली नाही, म्हणूनच दुसरे उड्डाण झाले. संस्था थुंबा येथील एका चर्चमध्ये सुरू झाली की वातानुकूलित इमारतीत, हा मुद्दा गौण आहे. सायकलवरून नेलेल्या अग्निबाणाचे कौतुक करून दारिद्र्याला प्रतिभा ठरवणेही तितकेच खोटे आहे. अभावातून प्रतिभा जन्मत नाही. ती अभावातही कशीबशी तग धरते, एवढेच.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुम्ही एखाद्या कंपनीत वा प्रयोगशाळेत मुलाखतीला जाल. तुम्हाला उपाहारगृह दाखवतील, टेबल टेनिस दाखवतील. कौतुकाने पाहा, चहाही घ्या. मग चार प्रश्न विचारा. येथे कोणता प्रश्न सोडवायचा हे कोण ठरवते? गेल्या वेळी फसलेल्या प्रकल्पातील माणसे आज कुठे आहेत? प्रशिक्षणार्थ्याचे नाव शोधनिबंधावर आणि पेटंटवर लागते का? आणि पगार कोणत्या तारखेला होतो?

उत्तरे देताना समोरचा अडखळला, तर जेवण कितीही रुचकर असो, तिथे विचार करूनच पाऊल ठेवा.