गोळ्यांची चिठ्ठी म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे

“तिचं डोकं ठिकाणावर नाही, पोर तिच्या हवाली कसं करायचं?” असं विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा दाराचं कुलूप आधीच बदललेलं असतं. पुण्याजवळच्या तळवड्यात तर हे आणखी सोपं. एमआयडीसीच्या आधाराने उभे राहिलेले कितीतरी संसार इथे भाड्याच्या दोन खोल्यांत चालतात. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, बाईचं माहेर दूर मराठवाड्यात नाहीतर खानदेशात. बाई येरवड्याच्या मनोरुग्णालयातून परत येते तेव्हा मूल आजीबरोबर गावी गेलेलं असतं आणि घरमालक म्हणतो, करारात तुमचं नाव कुठाय?

या मंडळींचा पहिला आधार म्हणजे मुलाचं हित. हित सर्वांत वर, हे मान्यच. 1956 चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदाही तेच सांगतो. पण ते कशात आहे हे न्यायाधीशाने ठरवायचं, सासूने नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट आहे: आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणसाला वेडा ठरवता येत नाही, तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. 21वं कलम त्याहून बोलकं. उपचारासाठी दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये; तिच्याकडून धोका दिसला तर तात्पुरतं दूर ठेवावं, पण दर 15 दिवसांनी फेरविचार करावा आणि सलग 30 दिवसांवर जायचं तर मंजुरी घ्यावी. खाटेवरच्या आईला कायदा एवढं देतो, मग बरी होऊन घरी आलेल्या आईला त्याहून कमी का?

धोका कधीच नसतो, असं कोणी म्हणत नाही. पण तो वागण्यातून दाखवावा लागतो. राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं, की घटस्फोटासाठी स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते बघा. आणि आपल्याकडे? फ्रिजवर ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाइलवर काढलेला फोटो अर्जाला जोडला जातो. जी बाई नेमाने औषध घेते तिचीच फाईल तिच्या विरोधात उभी राहते; रोज पिऊन बायकोला मारणाऱ्याची फाईल मात्र कुठल्याच दवाखान्यात नसते. हा उफराटा न्याय झाला.

“आजारी आईचं पोर वाया जातं,” हेही ठासून सांगतात. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आईची मनोरुग्णालयातली परवड लहानपणी पाहिली. पुढे त्यांनी 1999 मध्ये काढलेल्या संस्थेला आईच्याच नावावरून ‘बापू ट्रस्ट’ म्हटलं आणि मनोरुग्ण म्हटल्या गेलेल्यांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलं. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, पण ‘वाया जातंच’ हा दावा मोडायला एक पुरतं.

आता घर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘सामायिक घर’ भाड्याचंही असतं. करार कुणाच्याही नावावर असो, कायदेशीर प्रक्रियेविना बाईला बाहेर काढता येत नाही. तिथे राहणं शक्यच नसेल, तर तशाच दर्जाची पर्यायी जागा किंवा भाडं द्यायला न्यायालय लावू शकतं. पुरुषाला या कायद्याखाली दाद मागता येत नाही. डिप्रेशनमधून उठलेल्या कामगाराला मेहुणे मुलीला भेटू देत नाहीत, तेव्हा त्याचे मार्ग अरुंदच. मात्र मानसिक आरोग्य कायद्याचं 19वं कलम बाई-पुरुष असा भेद करत नाही: घरच्यांनी टाकलेल्या रुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा म्हणून सरकारने मदत करायची, वकीलसुद्धा द्यायचा. 1987 च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकिलाला पात्र असणाऱ्यांत स्त्रिया, मनोरुग्ण आणि औद्योगिक कामगार हे तिन्ही आहेत. तळवड्यात आणखी कोण राहिलं?

खरा डाव वेळेचा आहे. आधी मूल महिनोन्‌महिने दूर ठेवायचं, मग कोर्टात सांगायचं की मूल आईला ओळखतच नाही, आता हलवलं तर बिचारं बावरेल. म्हणून ताब्याचा वाद चालेल तेव्हा चालो, अंतरिम भेटीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. गरज वाटली तर तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, पण भेट दर आठवड्याला व्हायला हवी. न्यायाधीशांनीही तो अर्ज पुढच्या तारखेवर ढकलू नये.