कावीळ उतरते, पण सगळ्यांचीच नाही

उन्हाळा टँकरवर काढायचा आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की दुखण्यांना तोंड द्यायचे, हे धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. त्यातलेच एक दुखणे कावीळ. डोळे पिवळे दिसले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "दवाखाना कशाला? अमक्या गावाला औषध देतात, तीन वारांत उतरते." आणि बहुतेकांची उतरतेही! गोम इथेच आहे.

दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस 'ए' कावीळ बहुधा आपोआप बरी होते. तिच्यावर खास औषध नाही. विश्रांती आणि साधा आहार हाच उपचार. माणूस बरा होतो अंगच्या ताकदीने, नाव होते झाडपाल्याचे. पण काहींची कावीळ बरी झाल्यावर पुन्हा उलटते. काहींचा पिवळेपणा आणि अंगाची खाज कित्येक आठवडे हटत नाही. क्वचित एखाद्याचे यकृतच निकामी होते. हा धोका पन्नाशीपुढच्यांना आणि दारूने किंवा जुन्या आजाराने यकृत खराब झालेल्यांना जास्त.

अशाच पाण्यातून येणारी 'ई' कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. २०१२ साली इचलकरंजीत तिचीच साथ आली. हजारो आजारी पडले, काही दगावले. 'ए' की 'ई', हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून रोगी गुंगीत राहू लागला, बरळू लागला, उलट्या थांबेनात, नाका-हिरड्यांतून रक्त आले, तर वार मोजत बसू नका. तडक मोठा सरकारी दवाखाना गाठा. गरोदर बाईला डोळे पिवळे दिसताच न्या. दारू बंद, तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. अनोळखी झाडपाला आजारी यकृताला आणखी इजा करू शकतो.

आता ग्रामपंचायतींचे. लागण झाल्यावर कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. पहिला रोगी सापडतो तोवर ते पाणी गावाने पिऊन झालेले असते. तेव्हा टीसीएल पावडर ही साथ आल्यावर शोधायची वस्तू नव्हे. ती रोजच्या पाण्यात, टँकरमध्येसुद्धा, मापाने पडली पाहिजे. गटारीतून गेलेली फुटकी पाइपलाइन आजच जोडली पाहिजे. सरपंच मंडळींनी एवढे केले आणि घरोघरी पाणी उकळून प्यायले गेले, तर औषधाच्या गावाला जायची पाळीच येणार नाही.