उसन्या फुलांची आरास

लग्नमंडपापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत आज डेंड्रोबियमच्या जांभळ्या काड्या मिरवतात. त्यांतील पुष्कळ फुले थायलंडहून येतात. येथे शेडनेटखाली लावलेल्या रोपांचे वाणही बहुधा परक्यांनीच घडविलेले असतात. आपल्या देशात ऑर्किडांचे दारिद्र्य आहे काय? मुळीच नाही. सिंगापुरात १८९३ साली वर्णिलेल्या 'व्हँडा मिस जोकिम' या संकराची एक जननी, व्हँडा टेरेस, ईशान्य भारताच्या रानांतही आढळते. सिंगापूरने त्या संकराला १९८१ साली राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. आम्ही मात्र आंब्या-फणसांवर फुलणारी सीतेची वेणी बांडगूळ समजून खरवडून टाकतो!

संकराचे काम चिकाटीचे आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक. पोटात अन्नसाठा नसल्याने ते बाटलीतील पोषक द्रव्यावर रुजवावे लागते. फुलोरा दिसायला काही वर्षे जातात आणि शेकडो रोपांतून लांब देठाचे, टिकाऊ फुलांचे एखादेच हाती लागते. एकट्या बागायतदाराला हा भार पेलणारा नाही. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र स्थापन झाले. परंतु किनाऱ्याच्या दमट हवेत टिकणारे वाण किनाऱ्यावरच पारखले पाहिजेत. त्यासाठी राज्याने प्रयोगशाळा उभारावी, रानातील रोपे न ओरबाडता केवळ बी घ्यावे आणि चाचण्या बागायतदारांच्या मांडवांत कराव्यात. २००१ च्या कायद्याने नव्या वाणाच्या पैदासकाराला हक्क दिले आहेत. पण हक्क सांगावयास आधी वाण तर हवा! अनुदानाने रोपे विकत मिळतील, वाण मिळणार नाही.