मिठाचा डबा आणि युक्का पर्वत

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. बरणीत तांदळाचे चार दाणे असायचेच. इथे मॉर्टनच्या निळ्या डब्यावर छत्री घेतलेली मुलगी १९१४ पासून तेच सांगते आहे की पाऊस आला तरी आमचे मीठ मोकळे!

खोलीच्या तापमानाला हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ विरघळू लागते. पोटॅशियम क्लोराइडला ८४ टक्के लागतात. रक्तदाबवाल्यांसाठी दुकानात कमी सोडियमचे जे मीठ मिळते त्यात हे दोन्ही असतात. मग ते कधी ओले होणार? आम्ही रविवारच्या मराठी शाळेत विचारले. मुले म्हणाली, "मधेच कुठेतरी, ऐंशीला." उत्तर आहे ७२-७३, म्हणजे दोघांच्याही खाली! (दोन पालकांचेही उत्तर ऐंशीच होते, नावे सांगत नाही.)

मिठाने तृप्त झालेल्या पाण्यात दुसरा क्षारही विरघळतो आणि पाण्याचा बाष्पदाब आणखी उतरतो. पण नेमका किती? त्याला सरासरी चालत नाही, मोजावेच लागते. मोजण्याची जुनी रीत अगदी स्वयंपाकघरातली वाटेल. धातूच्या लहान वाट्या घ्यायच्या. काहींत ओळखीच्या क्षाराचे पाणी, काहींत मिश्रण. सगळ्या तांब्याच्या जाड ठोकळ्यावर मांडून वर झाकण लावायचे, आतली हवा काढायची, तापमान स्थिर ठेवायचे आणि वाट पाहायची. ज्या वाटीचा दाब जास्त तिच्यातले पाणी वाफ होऊन दुसरीत जाते. सगळ्यांचा दाब सारखा झाला की वाट्या तोलायच्या. काही दिवस तरी जातातच, द्रावण पातळ असेल तर कित्येक आठवडे. एवढे करून हाती येतात चार आकडे.

बर्कलीच्या केनेथ पिट्झर यांनी १९७३ साली अशा आकड्यांवरून समीकरणे बसवली, त्यामुळे प्रत्येक मिश्रण मोजण्याची गरज उरली नाही. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनही १९९० मध्ये पाटील, त्रिपाठी, पाठक आणि कट्टी यांनी लिथियमच्या क्षारांच्या द्रावणांचे बाष्पदाब प्रसिद्ध केले. त्यातल्या लिथियम ब्रोमाइडच्या पाण्यावर मोठमोठ्या इमारती थंड ठेवणारी यंत्रे चालतात.

आता नेवाडातला युक्का पर्वत. तिथे अणुभट्ट्यांचा कचरा धातूच्या पिंपांत भरून बोगद्यांत ठेवायचा बेत होता. पिंपे शेकडो वर्षे गरम राहणार, म्हणजे पाणी टिकणार नाही आणि गंजही नाही, असे कोणालाही वाटेल. पण पिंपांवर धूळ बसते आणि धुळीत मीठ असते, सोडियम-पोटॅशियमचे नायट्रेटही असते. मिठाचे तृप्त पाणी १०९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००६ च्या सुमारास या क्षारांची मिश्रणे मोजली, तर ती दीडशे अंशांच्याही पुढे द्रव राहिली. गंजायला तेवढा ओलावा पुरतो. उलट नायट्रेट गंज रोखायला मदतही करते, तेव्हा कोण किती प्रमाणात आहे यावर सारे अवलंबून.

२०१० च्या सुमारास सरकारने तो बेत सोडला. कचरा अजून वीजकेंद्रांच्या आवारातच आहे, आपल्यापैकी काहींच्या घरापासून फार लांब नाही. उद्या दुसरी जागा ठरली तर तिथलीही धूळ आधी वाटीत घालून तोलावी लागेल.

तोवर कमी सोडियमच्या मिठाचे झाकण घट्ट लावा. तांदळाचे दाणे मात्र चारऐवजी आठ टाका.