गुप्त सूत्रधाराची गोष्ट कुणाच्या सोयीची?

लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गच्चीवर राजकारणाचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी निकाल देऊन टाकतो : "अहो, तुम्ही-आम्ही बोलून काय होणार? वर सगळं ठरलेलं असतं." वर म्हणजे कुठे, असे विचारले तर उत्तर तयार असते. जगातली दहा-बारा श्रीमंत घराणी, त्यांच्या बँका, त्यांची गुप्त मंडळे. त्यात रॉथशिल्ड हे नाव हमखास येते. युद्धे तेच लावतात, सरकारे तेच पाडतात, साथी तेच पसरवतात आणि सिनेमे काढून आपल्याला गुंगीत ठेवतात, असा हा सिद्धान्त आहे. मराठीत तो मोबाइलवरून रोज फिरतो. मांडणारी माणसे बहुधा शिकलेली, जगाचा अनुभव घेतलेली असतात. म्हणूनच त्याचे खंडन गांभीर्याने करायला हवे.

आधी पूर्वपक्षातले खरे ते मान्य करू. पैसा राजकारणाला वाकवतो, हे खरे आहे. कट होतात, हेही खरे आहे. १७५७ साली प्लासीची लढाई मैदानावर होण्याआधी मुर्शिदाबादच्या सावकारी पेढ्यांवर ठरली होती. जगत शेठांचे घराणे, नवाबाचा सेनापती मीर जाफर आणि ईस्ट इंडिया कंपनीचा क्लाइव्ह यांचा तो कट होता. १९५३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि सिगारेट व कर्करोग यांच्या संबंधाबद्दल जनतेच्या मनात संशय पेरण्याची मोहीम तिथून उभी राहिली. ती काही दशके चालली. असे असताना 'कट-बिट काही नसते' असे म्हणणारा माणूस इतिहास न वाचलेला म्हणावा लागेल.

पण या दोन्ही कटांकडे नीट पाहा. करणाऱ्यांची नावे आहेत, हेतू उघड आहे, कागद आहेत. कटात सामील असलेल्या अमीचंद या व्यापाऱ्याला फसवण्यासाठी खोटा करारनामा केल्याचे क्लाइव्हने पुढे पंधरा-सोळा वर्षांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितले. तंबाखू कंपन्यांची लाखो पाने खटल्यांमधून बाहेर आली, १९९८ च्या तडजोडीनंतर ती सर्वांना खुली झाली आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. खरा कट एका ठरावीक कामासाठी असतो, त्यात सामील झालेल्यांची आपसात भांडणे होतात, आणि कुणीतरी चिकाटीने कागद शोधले की तो सापडतो. सारे जग कायम चालवणारा, कधीच न चुकणारा, कधीच न सापडणारा सूत्रधार इतिहासात कुठेच आढळत नाही. तो आढळतो गोष्टींत. आणि या गोष्टी कुणी, कधी, कशासाठी रचल्या हे मात्र कागदोपत्री सापडते.

रॉथशिल्डचीच गोष्ट घेऊ. फ्रँकफर्टच्या ज्यू वस्तीतल्या मायर आम्शेल रॉथशिल्डचे पाच मुलगे फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस इथे पेढ्या चालवू लागले आणि एकोणिसाव्या शतकात ते घराणे अफाट श्रीमंत झाले. इथवर इतिहास आहे. आता दंतकथा अशी : १८ जून १८१५ रोजी लंडनचा नेथन रॉथशिल्ड स्वतः वॉटर्लूच्या रणांगणाजवळ होता. नेपोलियन हरल्याचे पाहताच तो वादळातून इंग्लिश खाडी ओलांडून लंडनला पोचला आणि ती बातमी इतरांच्या आधी वापरून शेअर बाजारात कोट्यवधी कमावले. आजच्या मराठी संदेशांत यापुढे आणखी एक वाक्य असते, की त्या दिवसापासून इंग्लंड आणि मग जग त्याच्या मालकीचे झाले.

नेथन त्या दिवशी वॉटर्लूच्या आसपास नव्हताच. उलट, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यासाठी सोने पुरवण्याचे काम त्याच्या पेढीकडे होते, युद्ध लांबेल या हिशेबाने त्याने सोने जमवले होते, आणि लढाई इतक्या लवकर संपल्याने त्याच्यापुढे तोट्याचे संकट उभे राहिले, असे इतिहासकार नील फर्ग्युसनने या घराण्याच्या इतिहासात दाखवले आहे. मग ही गोष्ट आली कुठून? १८४६ साली पॅरिसमध्ये 'सैतान' या टोपणनावाने एक पत्रक निघाले, त्यातून. लढाईला एकतीस वर्षे झाली होती आणि नेथनला मरून दहा. त्याच १८४६ मध्ये रॉथशिल्ड घराण्याच्या फ्रान्समधल्या नव्या उत्तर रेल्वेची एक गाडी फाँपू गावाजवळ रुळावरून घसरून पाण्यात कोसळली आणि माणसे मेली. रेल्वेचा मक्ता कोणत्या अटींवर दिला, रूळ किती घाईत टाकले, मेलेल्यांच्या कुटुंबांना काय मिळणार, हे त्या वर्षी श्रीमंत रॉथशिल्ड घराण्याला विचारण्याचे खरे प्रश्न होते. ज्याच्या हाती ते पत्रक पडले त्याचा संताप मात्र या प्रश्नांवरून उठून नेथनच्या वादळातल्या नावेकडे गेला. वेडगळ आरोपाने खऱ्या आरोपाची जागा घेतली की सुटतो तो आरोपीच.

या दंतकथेला सिनेमाने पंख दिले. १९३४ मध्ये हॉलिवूडने 'द हाउस ऑफ रॉथशिल्ड' काढला. हेतू चांगला होता. ज्यूंवरच्या अन्यायाविरुद्ध तो बोलत होता. पण नाझींनी त्यातलाच एक प्रसंग उचलून १९४० च्या 'डेर एविगे यूडे' या प्रचारपटात ज्यूंच्या विरोधात चिकटवला. त्याच वर्षी त्यांनी रॉथशिल्डवर स्वतःचा चित्रपट काढला, आणि त्याचे कथानक म्हणजे 'सैतान'च्या पत्रकातली वॉटर्लूची तीच गोष्ट. जर्मन प्रेक्षकाने ती करमणूक म्हणून पाहिली. पुढची वर्षे कशी गेली ते जगाला ठाऊक आहे.

'जगातल्या सगळ्या मध्यवर्ती बँका रॉथशिल्डच्या मालकीच्या आहेत' हे वाक्य तर मराठी माणसाने ऐकूनही घेऊ नये. आपली रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये खासगी भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९४९ पासून तिची मालकी पूर्णपणे भारत सरकारची आहे. ते राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीत रायगडातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. हे कोणत्याही ग्रंथालयात मिळते.

याहून वाईट कहाणी आहे ती 'प्रोटोकॉल्स' नावाच्या बनावट दस्तऐवजाची. ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकीचा वृत्तांत म्हणून तो १९०३ मध्ये रशियात छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे प्रतिनिधी फिलिप ग्रेव्हज यांनी परिच्छेदासमोर परिच्छेद ठेवून दाखवले, की हा मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकावरून चोरला आहे. ते पुस्तक मोरिस जोली या वकिलाचे होते आणि त्यात ज्यूंचा कटच नव्हता. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन वृत्तपत्रांची मुस्कटदाबी कशी करतो, निवडणुकीचा देखावा ठेवून सत्ता एका हाती कशी घेतो, यावरची ती टीका होती. त्यासाठी जोली तुरुंगात गेला. एका खऱ्या सत्ताधीशावरची, किंमत मोजून केलेली टीका चोरांनी उचलली, तिच्यातला सत्ताधीश काढून टाकला आणि त्याच्या जागी एक अख्खा निरपराध समाज बसवला. गुप्त सूत्रधाराच्या सिद्धान्ताचा स्वभाव समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणि अमेरिकेत तो दस्तऐवज घरोघर कुणी पोचवला? देशातल्या सगळ्यांत श्रीमंत उद्योगपतींपैकी एकाने, हेन्री फोर्डने. १९२० पासून त्याच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या वृत्तपत्राने ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली आणि फोर्डच्या मोटारविक्रेत्यांमार्फत ते पत्र गावोगाव गेले. खटला उभा राहिल्यावर १९२७ मध्ये फोर्डने माफी मागितली, पण तोवर विष पसरले होते. याच फोर्डच्या कारखान्याबाहेर १९३७ मध्ये कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना त्याच्या सुरक्षारक्षकांनी रस्त्यावर लोळवून मारले. तिथल्या कामगाराचा शत्रू दूरच्या कुठल्या गुप्त मंडळात बसलेला नव्हता. पगाराच्या पाकिटावर ज्याचे नाव होते तोच होता, आणि 'शत्रू दुसरीकडे आहे' असे वर्षानुवर्षे छापणाराही तोच होता.

आपल्याला तर या विषयात अज्ञानाची सबबही नाही. ज्यू म्हणजे कोण हे मराठी माणसाला परक्याकडून शिकावे लागत नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची आठवण सांगणारे, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल शतकानुशतके आपले शेजारी होते आणि घरात मराठी बोलत होते. श्रीमंत ज्यूही आपण पाहिले आहेत. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला. पुण्याच्या रुग्णालयाला आणि मुंबईच्या ग्रंथालयाला त्याचे नाव आहे. त्या घराण्याच्या संपत्तीत चीनला पाठवलेल्या अफूचा मोठा वाटा होता, आणि त्यावर कठोर बोललेच पाहिजे. पण तोच व्यापार पारशी जमशेटजी जिजीभॉयांनी केला, स्कॉटिश जार्डिन-मॅथेसन कंपनीने केला, गुजराती-मारवाडी पेढ्यांनी माळव्याची अफू त्यात ओतली, आणि बंगालच्या अफूचा मक्ता खुद्द ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. हिशेब व्यापाराचा मागा, मक्त्याचा मागा, कायद्याचा मागा. धर्माचा मागितलात की हे सारे धंदेवाले सुटतात आणि शनवार तेल्याचा नातू अडकतो.

यावर शेवटचा बचाव असा येतो, की गप्पा आहेत हो, करमणूक आहे, कुणाचे काय बिघडते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी आल्याचा संदेश त्या आधी मोबाइलवरून फिरत होता. तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या लेखी तीही नुसती माहितीच होती. अदृश्य टोळीची गोष्ट सांगत राहिलो की ऐकणारा कुठेतरी तिला दृश्य चेहरा शोधतो, आणि तो चेहरा नेहमी सगळ्यांत दुबळ्याचा निघतो. मूठभर धनदांडग्यांच्या बंगल्यापर्यंत तो जमाव कधीच पोचत नाही.

करमणुकीवर माझा राग नाही. सत्ता समजावून सांगणारी करमणूक आपल्याकडे झाली आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सिंहासन' १९७९ चा. त्यात जग चालवणारा एकही सूत्रधार नाही. मुख्यमंत्री आहे, त्याची खुर्ची ओढणारा अर्थमंत्री आहे, कामगार पुढारी आहे, तस्कर आहे. प्रत्येक जण आपला स्वार्थ ओढतो, प्रत्येकाला दुसऱ्याची भीती आहे, आणि या ओढाताणीतून राज्य चालते. पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस अखेर वेडा होतो. त्याला गुप्त काही सापडलेले नसते. उघड्यावर चाललेलेच त्याला सहन होत नाही. इतके प्रामाणिक राजकीय चित्र पडद्यावर क्वचित उभे राहिले आहे. खलनायकाला पडद्याआड बसवणारे चित्रपट पाहावेत, पण जग कसे चालते हे शिकायला 'सिंहासन'कडे यावे.

आता, श्रीमंत आणि सत्ता यांचे नाते पाहायचे असेल तर ते कुठे पाहायचे? राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांकडे पाहा. २०१७ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, संसदेत मांडली गेली, राजपत्रात छापली गेली. कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही मर्यादा तेव्हाच काढली गेली. नागरिकाला देणगीदाराचे नाव कळणार नव्हते. खरे गुपित इथे होते, आणि ते कायद्याच्या भाषेत सर्वांसमोर लिहिलेले होते. २०१८ मध्ये एका पत्रकाराने हजार-हजार रुपयांचे रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्यांवर साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात उमटणारा क्रमांक सापडला. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्ससह काही याचिकाकर्ते वर्षानुवर्षे न्यायालयात लढले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती नाकारली गेली, आणि मार्चमध्ये याद्या लोकांसमोर आल्या. योजनेच्या काळात सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. जाहीर झालेल्या यादीत सर्वाधिक खरेदी फ्यूचर गेमिंग या लॉटरी कंपनीची, सुमारे १,३६८ कोटींची. सर्वाधिक रक्कम केंद्रातल्या सत्ताधारी भाजपला मिळाली. तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांनीही कोट्यवधी घेतले.

या लढाईत 'वर सगळं ठरलेलं असतं' म्हणणाऱ्या किती जणांनी भाग घेतला? तो सिद्धान्त माणसाला घरी बसवतो. सारे ठरलेलेच असेल तर याचिका कशाला, ग्रामसभा कशाला, मतदान कशाला? श्रीमंतांना आणि सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचा नागरिक मिळणार नाही. तो रोज त्यांच्यावर चिडतो आणि त्यांचा एकही कागद मागत नाही.

कागद मात्र मिळतात. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी आला. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराचे मागच्या दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता कितीने वाढली ते लिहून काढा, आणि पुढच्या सभेत ती कशी वाढली हे त्याला नाव घेऊन विचारा.