‘शंभर टक्के कार्नोबा’ आणि कारीगराचा शब्द

मोटार धुऊन, पॉलिश करून चकचकीत करून देणे हा आता गॅरेजचा केवळ जोडधंदा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही त्यासाठी स्वतंत्र दुकाने निघाली आहेत आणि आपले अनेक डेंटर, पेंटर व वॉशिंग सेंटरवाले बांधव या धंद्यात उतरले आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात गेल्यास मेणाचे नाना तऱ्हेचे डबे मिळतात. पुष्कळ डब्यांवर ‘कार्नोबा’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. काहींवर तर ‘शंभर टक्के कार्नोबा’. गिऱ्हाईक विचारते, ‘यातले चांगले कोणते?’ या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, याला आम्ही फार महत्त्व देतो. डबा कंपनीचा असला, तरी शब्द आपला जातो.

कार्नोबा हे झाडाचे मेण आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात, सिआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या प्रांतांत, एक ताडवर्गीय झाड वाढते. कोरड्या हवेत पानातील ओल उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्या पानांवर मेणाचा थर दिला आहे. लांब काठीला कोयता बांधून पाने उतरवतात, उन्हात वाळवतात आणि झोडपून त्यांची भुकटी काढतात. ती वितळवून, गाळून मेण तयार होते. कोवळ्या, न उघडलेल्या पानांचे मेण फिकट पिवळे असते व ते उंची समजले जाते. जून पानांचे काळपट असते. हेच मेण बूटपॉलिशमध्ये, औषधी गोळ्यांवर आणि मिठाईवर चकाकी आणण्यासाठीही वापरतात.

या मेणाचा मोठा गुण म्हणजे कठीणपणा. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांतच पातळ होते. पण हाच गुण डब्यावरील दाव्याची परीक्षा घेतो. शुद्ध कार्नोबाचा तुकडा इतका टणक असतो की, तो गाडीवर हाताने पसरवताच येत नाही. त्यात पातळ करणारे द्रावण, तेल आणि मऊ मेणे घालावीच लागतात. म्हणून ‘शंभर टक्के’चा अर्थ फार तर एवढाच की, डब्यात जे मेण आहे ते कार्नोबाचे आहे, सगळा डबा कार्नोबाचा आहे, असा नव्हे. टक्केवारी वजनाने धरली की आकारमानाने, हे सांगितल्याशिवाय दोन डब्यांच्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही. आमच्या मते, केवळ आकडा पाहून जादा पैसे मोजणे किंवा गिऱ्हाइकाकडून घेणे योग्य नव्हे.

दुकानात पाणी शिंपडून मोत्यांसारखे थेंब दाखवण्याची एक रीत आहे. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. सिलिकॉनच्या तेलावरही पाण्याचे तसेच थेंब जमतात. पिवळा रंग आणि फळाचा सुगंध तर वरून घालता येतो.

मग निवड कशी करावी? गाडी कोणती आणि ती कुठे उभी राहते, हे आधी विचारावे. काळ्या, तांबड्या, गडद निळ्या गाडीवर कार्नोबा जी खोल, ओलसर झळाळी देते, ती डोळ्यांत भरते. ईद असो की लग्नाची वरात, अशा कामाला त्याच्यासारखे मेण नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हा फरक फारसा दिसत नाही. शिवाय कार्नोबा टिकते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. दिवसभर उन्हात उभी राहणारी, कोकणच्या पावसात भिजणारी टॅक्सी असेल, तर पॉलिमरचे सीलंट अधिक दिवस चालते. सिरॅमिक लेप त्याहून टिकतो, पण त्याला खर्च आणि पूर्वतयारी मोठी लागते. मॅट रंगाच्या गाडीला मात्र चमक देणारे मेण लावूच नये. जागोजागी डाग उठतात.

मेणाने ओरखडे जात नाहीत, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. ते काम कंपाउंडचे. ‘क्लीनर वॅक्स’ म्हणून मिळणाऱ्या मालात रंग घासणारा बारीक अंश असू शकतो. तो वरचेवर वापरल्यास वरचा पारदर्शक थर झिजतो. मेण लावताना गाडी स्वच्छ धुतलेली, सावलीत आणि पत्रा थंड असावा. थर पातळ द्यावा. जाड थराने चमक वाढत नाही. माल आणि मजुरी वाया जाते. त्या हिशेबाने चांगला लहान डबा कितीतरी गाड्यांना पुरतो आणि स्वस्ताच्या मोठ्या डब्यापेक्षा महाग पडत नाही. रॉकेल-डिझेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे. तिने धूळ चिकटते आणि रबर खराब होते.

पेंटर बांधवांना दोन गोष्टी निक्षून सांगाव्याशा वाटतात. नव्या रंगातील द्रावण उडून जायला वेळ लागतो. दुरुस्तीच्या रंगावर ३० ते ९० दिवस मेण लावू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. रंगाच्या कंपनीची सूचना वाचून त्याप्रमाणे करावे. दुसरे, सिलिकॉन असलेले पॉलिश रंगकामाच्या जागेपासून दूर ठेवावे. त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. रंग देण्यापूर्वी मेण व तेल काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसावा आणि दोन्ही कामांची फडकी वेगळी ठेवावीत.

आमची सूचना साधी आहे. बिलावर मालाचे नाव, लावल्याची तारीख आणि अंदाजे किती दिवस टिकेल, हे लिहून द्यावे. ‘वर्षभर बघायला नको’ असे सांगून गाडी एकदा येते. ‘दोन महिन्यांनी पुन्हा आणा’ असे खरे सांगितले, तर तीच गाडी वर्षातून पाच-सहा वेळा येते. मोठ्या शोरूमची जाहिरात आपल्या कारीगरांना परवडणार नाही. खरे बोलायला भांडवल लागत नाही, आणि धंद्याची बरकत त्यातच आहे.