चराच्या काठावरचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यालगतची पुळण खणताच ढासळते. मजूर तिच्याशी जपूनच वागतो. आतल्या सड्यावरचा जांभा मात्र उभा कापला तरी भिंतीसारखा टिकतो आणि नेमका म्हणूनच फसवतो. त्याच्या पोटातील मऊ माती पावसाने सैल होते. एक घनमीटर माती दीड टनाच्या घरात भरते. तिच्याखाली छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला श्वासही घेता येत नाही.

दीड मीटरहून खोल चराला फळ्या व आडवे टेकू द्यावेत, उपसा काठापासून दूर टाकावा, हे काही नवे शास्त्र नव्हे. तरी ते घडत नाही. कारण लाकडाचा खर्च कंत्राटदाराच्या वहीत पडतो, तर दरड कोसळल्याचा मजुराच्या घरात. निविदेत टेकूंची बाब स्वतंत्र नसेल, तर सर्वांत कमी दर टेकू न देणाऱ्याचाच असणार. नगरपरिषदेने ती बाब वेगळी लिहावी, म्हणजे प्रामाणिक कंत्राटदार तरी बुडणार नाही.

खासगी कामांचे काय? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने दहाहून कमी मजुरांची कामे वगळली होती. परसातली विहीर खणणारे तर चौघेच असतात. तेथे निरीक्षक म्हणजे घरमालकच, आणि मृगापूर्वी काम उरकण्याची घाईही बहुधा त्याचीच!